गच्चीवरून कॅलिफोर्निया तेजोमेघ: छोटी दुर्बीण, शहराचा उजेड आणि भरपूर तास

घरून तेजोमेघाचा फोटो काढायचाय म्हटलं की सगळे आधी मृगातल्या एम ४२ कडे जातात, आणि बरोबरच आहे, तो इतका तेजस्वी आहे की मोबाईलवरही थोडाफार उमटतो. पण एकदा तो झाला की पुढे काय? पुढचा जिना म्हणजे असे तेजोमेघ जे डोळ्याला दिसतच नाहीत, स्क्रीनवर पहिल्या फ्रेममध्येही जेमतेम कळतात, आणि तरी शहरातल्या सोसायटीच्या गच्चीवरून, ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीने व्यवस्थित काढता येतात. त्यातला माझा आवडता म्हणजे कॅलिफोर्निया तेजोमेघ, एनजीसी १४९९. पुण्याच्या गच्चीवरून तो कसा काढायचा ते सगळं इथे लिहितोय, मुंबई-ठाणे-नाशिक-नागपूरवाल्यांनाही तेच लागू पडेल, तासाभराचा इकडे तिकडे फरक.

हाच का निवडायचा

तो ययाति तारकासमूहात आहे, कृत्तिकांपासून उत्तरेला साधारण १२-१३ अंशांवर. १८८० च्या दशकात एडवर्ड बर्नार्डने तो शोधला. लांबी जवळजवळ अडीच अंश, म्हणजे पाच पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर जेवढे होतील तेवढी, त्यामुळे त्याला मोठी दुर्बीण लागतच नाही, उलट मोठ्या दुर्बिणीत तो मावत नाही. छोट्या दुर्बिणीवाल्यांची चांदी आहे इथे. कॅटलॉगमध्ये त्याची प्रत (म्हणजे तेजस्विता) ६ लिहिलेली सापडेल, त्यावर अजिबात जाऊ नका, तो सगळा प्रकाश एवढ्या मोठ्या भागावर पसरलाय की पृष्ठभागाची चमक अगदीच मामुली उरते. अंधाऱ्या गावी जाऊन, एच-बीटा (हायड्रोजनचा निळा-हिरवा प्रकाशच आत सोडणारा) फिल्टर लावून, डोळे अर्धा तास अंधाराला सरावले की काहींना एक धुरकट पट्टा दिसतो, बस.

दुसरं कारण आपल्या अक्षांशाचं. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आणि तेजोमेघ सव्वाछत्तीस-साडेछत्तीस अंशांवर, म्हणजे मध्यमंडळावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा उत्तरेकडे ७२ अंश उंच असतो. शहराचा उजेड, धूळ, धुकं, सगळं क्षितिजाजवळ दाट असतं, त्यामुळे एवढी उंची मिळणं फार मोलाचं. नोव्हेंबरच्या शेवटी तो रात्री बाराच्या सुमारास सगळ्यात वर येतो, डिसेंबरच्या मध्यात अकराला, जानेवारीच्या मध्यात नऊला. डिसेंबरच्या मध्यात संध्याकाळी सव्वासातला पूर्ण अंधार पडतो तेव्हाच तो ३० अंशांच्या वर आलेला असतो आणि पहाटे साडेतीनपर्यंत तिथेच राहतो. एका रात्रीत आठ तास, आणि तेही पावसाळा संपून आकाश कोरडं असताना.

हे फोटोत येतं कसं, दोन मिनिटं समजून घ्या

हे समजलं तर फिल्टरवर पैसे का घालायचे ते आपोआप कळतं. तेजोमेघाच्या दक्षिणेला अगदी शेजारी मेनकिब नावाचा तारा आहे, झाय पर्सेई, चौथ्या प्रतीचा. भयंकर तापलेला ओ वर्गातला तारा. त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, पुन्हा जोडले जाताना लाल प्रकाश बाहेर पडतो, तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. यालाच एच-अल्फा म्हणतात. तेजोमेघाचा लाल प्रकाश जवळपास सगळा या एकाच बारीक रेषेत असतो. आता रस्त्यावरचे एलईडी दिवे: त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा ठराविक पिवळा पट्टा कापणारे साधे लाइट पोल्युशन फिल्टर बऱ्यापैकी काम करायचे, एलईडीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. म्हणून आता ड्युअल नॅरोबँड फिल्टर घ्यायचा, जो फक्त ६५६ (एच-अल्फा) आणि ५०१ (ऑक्सिजन) नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन बारीक पट्ट्या आत सोडतो. सात-सात नॅनोमीटरच्या दोन पट्ट्या धरल्या तर दृश्य प्रकाशाच्या तीनशे नॅनोमीटरपैकी चौदाच आत येतात. उजेडाचा ९५ टक्के भाग बाहेर, एच-अल्फा मात्र बहुतेक सगळा आत. शहरातून अंधूक तेजोमेघ निघतो तो यामुळेच, बाकी सगळं नंतर.

सामान

दुर्बीण ५० ते ७० मिलिमीटर व्यासाची, फोकल लांबी २५० ते ४०० मिलिमीटर, अपोक्रोमॅटिक रिफ्रॅक्टर, म्हणजे सगळे रंग एकाच जागी जुळवणारी भिंगाची दुर्बीण. साधी अक्रोमॅट, म्हणजे मुलांना वाढदिवसाला देतात तसली, नॅरोबँडमध्ये कधीकधी निभावून नेते पण ताऱ्यांभोवती फुगवटे येतात. फील्ड फ्लॅटनर बघून घ्या, काही दुर्बिणींत आतच असतो, काहींना वेगळा लावावा लागतो, नाहीतर कोपऱ्यातले तारे लांबट येतात.

फ्रेममध्ये किती आकाश मावेल ते काढायचं सोपं सूत्र: ५७.३ गुणिले सेन्सरची लांबी भागिले फोकल लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, उत्तर अंशांत. एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.७ मिलिमीटर, ३६० च्या दुर्बिणीला लावला तर ३.७ बाय २.५ अंश, कॅलिफोर्निया आडवा आरामात बसतो. आयएमएक्स ५३३ वाला चौकोनी सेन्सर ११.३ मिलिमीटरचा, तो २५० च्या दुर्बिणीवर २.६ अंश देतो, म्हणजे कॅमेरा फिरवून कर्णावर बसवावा लागेल. सीस्टार एस ५० सारखी स्मार्ट दुर्बीण असेल तर तिची फ्रेम साधारण ०.७ बाय १.३ अंशांची आहे, एका फ्रेममध्ये तुकडाच येईल, तिचा मोझेक मोड वापरा आणि वेळ दुप्पट-तिप्पट धरा.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर थंड होणारा रंगीत अ‍ॅस्ट्रो कॅमेरा उत्तम, पण परवडत नसेल तर जुना सेकंडहँड डीएसएलआर घेऊन मॉडिफाय करून घ्या. मॉडिफाय म्हणजे सेन्सरपुढचा फॅक्टरी फिल्टर काढणे किंवा बदलणे. हा फिल्टर एच-अल्फाचा जेमतेम पाव भाग आत सोडतो, म्हणजे न बदललेल्या कॅमेऱ्याने चार तास काढलं तर एकाच तासाचा एच-अल्फा हाती लागतो. या एकाच टार्गेटसाठी म्हणून नाही, पुढे सगळ्याच लाल तेजोमेघांसाठी ते काम येतं.

आणि माउंट. इथे काटकसर करू नका, हे माझं ठाम मत. दुर्बीण लहान चालेल, कॅमेरा जुना चालेल, पण माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारं यंत्र) इक्वेटोरियलच हवा, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणारा, आणि त्याला गायडिंग, म्हणजे छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारणं, करता यायला हवं. साडेतीनशे फोकलला स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआयसारखा छोटा माउंटही पुरतो, त्याची क्षमता ५ किलो आहे, तुमचं सगळं मिळून साडेतीन-चार किलोच्या आत ठेवा म्हणजे झालं. सोबत ३० मिलिमीटरची गायडस्कोप, छोटा गायड कॅमेरा, ड्यू हीटरची पट्टी, आणि एक जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी.

गच्ची

यावर कोणी फारसं बोलत नाही पण निम्म्या रात्री इथेच वाया जातात. आधी दिवसा गच्चीवर जाऊन बघा की उत्तर दिशेला नक्की काय आहे, कारण तेजोमेघ ईशान्येकडून वर येऊन उत्तरेकडे माथ्याजवळून वायव्येला उतरतो. पाण्याची टाकी त्या वाटेत असेल तर टाकीच्या दक्षिणेला न बसता उत्तरेला सरका. ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खालून कॉलम किंवा बीम गेलेला असतो तिथे ठेवा, मधला स्लॅब चालताना हलतो आणि गायडिंगच्या आलेखात तुमचं प्रत्येक पाऊल दिसतं. लिफ्टची मशीन रूम आणि पंप, दोन्हीपासून लांब. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतर दोन-तीन तास गरम हवा सोडत राहतो, तारे थरथरतात, पण एवढ्या कमी फोकलला त्याने फार बिघडत नाही. एसीच्या आउटडोअर युनिटवरून मात्र बघू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा, आणि वॉचमनलाही, नाहीतर रात्री दोन वाजता गच्चीवर लाल टॉर्च घेऊन फिरणारा माणूस बघून जे व्हायचं तेच होतं. पॉवरसाठी एक्सटेन्शन बोर्ड चालेल पण जोडणी जमिनीपासून उचललेली हवी कारण दव पडतं, आणि रात्री लाइट गेली तर सगळं सेशन बंद पडतं, म्हणून १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मला जास्त बरी वाटते.

तारखा: पंचांग उघडा

नॅरोबँड फिल्टर लावला की चंद्र असला तरी चालतं असं सगळे म्हणतात, आणि एच-अल्फापुरतं ते बरंचसं खरं आहे, पण या टार्गेटला एक मोठी अडचण आहे. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांपाशीच असतो, म्हणजे आपल्या तेजोमेघापासून हाताच्या अंतरावर. मार्गशीर्ष पौर्णिमेलाही तो फार लांब गेलेला नसतो. त्यामुळे त्या दोन्ही पौर्णिमांच्या आगेमागे तीन-चार रात्री सोडूनच द्या. वद्य पक्षात सप्तमी-अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोवर पाच तास मिळतात. शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंत चंद्र लवकर मावळतो. म्हणजे वद्य षष्ठी ते शुद्ध पंचमी असे दर महिन्याला पंधरा दिवस धरा, त्यात ढग आणि लग्नकार्यं वजा करा.

दिवाळीची अमावस्या कागदावर सगळ्यात छान आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट, फटाक्यांचा धूर रात्रभर शहरावर बसून राहतो. त्यानंतरची कार्तिक अमावस्या आणि मार्गशीर्ष अमावस्या, या दोन्हींच्या आसपासच्या रात्री खऱ्या कामाच्या. लग्नसराईत शार्पी लाइट आकाशात फिरवतात त्याचं काही करता येत नाही, त्या फ्रेम नंतर काढून टाकायच्या. थंडीत पहाटे शहरावर धूर-धुक्याचा थर बसतो, म्हणून माझा कल रात्री लवकर सुरू करून दोनच्या सुमारास आवरण्याकडे असतो.

ध्रुव दिसत नाही तेव्हा

इक्वेटोरियल माउंटचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पुण्यात ध्रुवतारा फक्त साडेअठरा अंशांवर, समोर सात मजली बिल्डिंग असली की संपलं. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये ध्रुव ४०-५० अंशांवर असतो, म्हणून त्यांना ही अडचणच येत नाही. उपाय: निना हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट प्लगइन टाका. ते आकाशाच्या कुठल्याही उघड्या भागात माउंट फिरवून तीन फोटो काढतं, प्रत्येक फोटोतले तारे ओळखून अक्ष किती हुकलाय ते मिनिटांत सांगतं, आणि मग तुम्ही स्क्रीनवर आकडा बघत बोल्ट फिरवायचे. चूक चार-पाच कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत आणा, गायडिंग असेल तर तेवढं पुरे. होकायंत्राने आधी उत्तर ढोबळ साधून घ्या, आणि हो, लोखंडी टाकी किंवा रेलिंगजवळ होकायंत्र खोटं बोलतं.

कमी अक्षांशाचा आणखी एक त्रास, काउंटरवेटची दांडी जवळजवळ सरळ खाली, जराशी उत्तरेकडे कललेली राहते आणि ट्रायपॉडच्या उत्तरेच्या पायाला आपटते. माउंटची रचना परवानगी देत असेल तर एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेच्या दोन बाजूंना असा ठेवा, नाहीतर मध्ये एक्सटेन्शन ट्यूब लावा. पहिल्यांदा सगळं दिवसा करून बघा, आणि दुर्बीण हाताने पूर्व ते पश्चिम फिरवून कुठे काही अडतंय का ते तपासा.

फोकस, नेम आणि फ्रेम

अंधार पडायच्या आत सामान बाहेर ठेवा म्हणजे ते हवेच्या तापमानाला येतं. फोकससाठी आधी एखादा तेजस्वी तारा, ब्रह्महृदय सगळ्यात सोयीचा, समोर बाहतिनोव्ह मास्क (खाचांचं झाकण, त्याने ताऱ्यातून तीन रेघा उमटतात) लावून मधली रेघ बरोबर मध्यात आणा. फिल्टर लावूनच फोकस करा, फिल्टर काढला-घातला की फोकस सरकतो. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं की पुन्हा बघा, थंडीतल्या रात्री पहिल्या दोन तासांत ते बऱ्यापैकी वेगाने उतरतं. मास्क काढायला विसरू नका, वाक्य बावळट वाटेल पण लिहून ठेवा.

तेजोमेघ दिसत नाही मग नेम कसा धरायचा? प्लेट सॉल्व्हिंग. कॅमेऱ्याने एक फोटो काढायचा, अ‍ॅस्टॅपसारखं सॉफ्टवेअर त्यातले तारे नकाशाशी जुळवून दुर्बीण नक्की कुठे बघतेय ते काही सेकंदांत सांगतं आणि निना माउंटला दुरुस्त करतं. तेजोमेघाचा आकाशातला पत्ता: विषुवांश ४ तास ३ मिनिटं, क्रांती अधिक ३६ अंश २५ कला. निनाच्या फ्रेमिंग टॅबमध्ये आधीच फ्रेम आखून ठेवा, कॅमेऱ्याची लांब बाजू तेजोमेघाच्या लांबीशी जुळेल असा कॅमेरा फिरवा आणि मेनकिब फ्रेमच्या आत पण कडेपासून थोडा दूर राहील असं बघा, अगदी कडेला आला तर त्याचं प्रतिबिंब फोटोत भलतीकडे उमटतं. कॅमेऱ्याचा कोन किती अंश आला तो वहीत लिहा. पुढच्या रात्री हाच कोन हवाय, दोन अंशांत जुळला तरी चालेल.

मग तीन मिनिटांची एक चाचणी फ्रेम, ऑटो स्ट्रेच (अंधूक भाग उजळवून दाखवणारी सोय) लावून बघा. मेनकिबच्या वर एक फिकट लालसर कमान दिसली पाहिजे. नाही दिसली तर फोकस आणि फिल्टर तपासा, तेही ठीक असेल तर बहुधा हवेत धूर आहे, दुसऱ्या दिवशी या.

एक्सपोजर किती, कितींदा

ड्युअल नॅरोबँड, एफ ५ ते एफ ६ ची दुर्बीण आणि शहराचं आकाश असेल तर एकेक फ्रेम १२० ते १८० सेकंदांची. त्याहून लांब केली तर विमान, ढग, वारा यांनी एक फ्रेम गेली की नुकसान मोठं, आणि त्याहून फार छोटी केली तर कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज (दाणेदार खर) वरचढ होतो. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचा) डोंगर डावीकडच्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला हवा, एवढं बघा, बाकी आकड्यांच्या मागे लागू नका. आयएमएक्स ५३३ किंवा ५७१ वाल्या झेडडब्ल्यूओ कॅमेऱ्यांना गेन (डीएसएलआरच्या आयएसओसारखं सेटिंग) १०० ठेवा, तिथे त्यांचा नॉइज एकदम खाली येतो. तापमान उणे १०. थंडीत हे सहज जमतं, मे महिन्यात कूलर धापा टाकेल. डीएसएलआर असेल तर आयएसओ ८०० किंवा १६००.

गायडिंग पीएचडी २ या सॉफ्टवेअरने. या फोकल लांबीला एकूण चूक सव्वा आर्कसेकंदाच्या (कलेचा साठावा भाग) आसपास आली की खूप झालं, लोक अर्ध्या आर्कसेकंदासाठी रात्रभर सेटिंग बदलत बसतात आणि फोटो राहून जातो. डिदरिंग मात्र चालूच ठेवा, दर तीन-चार फ्रेमनंतर माउंट थोडासा इकडे तिकडे सरकवायचा, म्हणजे सेन्सरचा ठरलेला नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या ठिकाणी पडतो आणि स्टॅक करताना, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एकच फोटो बनवताना, निघून जातो. डीएसएलआरवाल्यांनी तर याशिवाय सुरूच करू नका, नाहीतर पार्श्वभूमीवर तिरक्या रेघोट्यांचा पाऊस दिसतो.

मध्यमंडळ ओलांडताना मेरिडियन फ्लिप होतो, दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळते. डिसेंबरच्या मध्यात तो रात्री अकराला येणार हे आधीच माहीत आहे, तेव्हा जागे राहा, वायरी सैल आहेत ना बघा. एखादी यूएसबी वायर अडकून ताणली गेली की पुढचं सगळं बिघडतं.

आणि आता मुख्य आकडा. एकूण वेळ. शहरातून या तेजोमेघाला किमान आठ तास द्या, बारा-पंधरा झाले तर फोटो बोलायला लागतो. फोटोतला सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे एका तासाचे चार तास केले की फोटो दुप्पट स्वच्छ, चाराचे सोळा केले की पुन्हा दुप्पट. म्हणून एका रात्री तीन वेगवेगळे तेजोमेघ काढण्यापेक्षा चार रात्री एकच काढा. भोर-वेल्ह्याकडे किंवा जुन्नरच्या पुढे जाऊन अंधार मिळतो हे खरं, फिल्टरशिवाय तिथे एका तासात शहरातल्या दहा-पंधरा तासांचं काम होतं, पण तिथे वर्षातून कितीदा जाणार? घरची गच्ची मात्र रोज आहे, जेवून वर जायचं, सुरू करायचं, खाली येऊन मोबाईलवरून नजर ठेवायची. अंधूक तेजोमेघाला लागणारे तास असेच जमतात.

शेवटच्या रात्री फिल्टर काढून अर्धा-पाऊण तास ३०-३० सेकंदांच्या फ्रेम घ्या, फक्त ताऱ्यांच्या रंगांसाठी. ड्युअल नॅरोबँडमध्ये सगळे तारे एकसारखे फिके येतात, हे त्यांच्या जागी बसवायचे.

दव

मध्यरात्रीनंतर दव पडतं, विशेषतः नदीकाठच्या आणि शेतांजवळच्या उपनगरांत. हीटरची पट्टी सुरुवातीपासूनच चालू ठेवा, काच ओली झाल्यावर लावून उपयोग कमी. एकदा धुकट झालीच तर हेअर ड्रायर लांबून, कापडाने पुसू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर वापर झाल्यावर दुर्बीण लगेच झाकण लावून पेटीत कोंबू नका, आधी घरात पंख्याखाली कोरडी होऊ द्या, मग सिलिका जेलसोबत ठेवा, पावसाळ्यात काचेला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

फ्लॅट्स आणि डार्क्स

कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग आणि काळवंडलेले कोपरे अंधूक तेजोमेघाच्या बरोबरीने उजळ दिसायला लागतात. तेजस्वी टार्गेटला लपवाछपवी चालते, इथे नाही.

फ्लॅट्स म्हणजे एकसारख्या पांढऱ्या उजेडाच्या फ्रेम, त्यांवरून हे डाग आणि कोपरे दुरुस्त होतात. त्यासाठी कॅमेरा आणि फोकस न हलवता दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून बांधा, सुरकुती नको, त्यावर टॅबलेटची पांढरी स्क्रीन ठेवा. एक्सपोजर असा की हिस्टोग्राम मधोमध किंवा किंचित डावीकडे, आणि एक-दोन सेकंदांहून छोटा नको, नाहीतर स्क्रीनची फडफड फोटोत येते. २५-३० फ्रेम. मग झाकण लावून तेवढ्याच एक्सपोजरच्या तेवढ्याच फ्रेम, त्या डार्क फ्लॅट्स. फिल्टरशिवायच्या ताऱ्यांसाठी वेगळे फ्लॅट्स लागतील. डार्क्स म्हणजे झाकण लावून मुख्य फ्रेमइतक्याच वेळेच्या, त्याच गेनच्या आणि त्याच तापमानाच्या फ्रेम, थंड कॅमेऱ्याच्या डार्क्स एकदा काढल्या की सहा महिने तरी चालतात, ढगाळ दिवशी काढून ठेवा. डीएसएलआरचं तापमान आपल्या हातात नसतं, तिथे डिदरिंगवर जास्त भिस्त ठेवा.

कॉम्प्युटरवर

तीन मिनिटांच्या फ्रेम, बारा तास, म्हणजे २४० फाइल्स, २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एकेक ५२ एमबीची. प्रोसेसिंगला मधल्या फाइल्स धरून शंभर जीबी मोकळी जागा लागेल. सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं: सिरिल, ग्रॅक्सपर्ट, स्टारनेट.

आधी सगळ्या फ्रेम डोळ्याखालून घाला आणि ढग आलेल्या, हललेल्या, शार्पी घुसलेल्या काढून टाका. विमानाच्या आणि उपग्रहांच्या रेघा असलेल्या ठेवा, लोहगावला उतरणारं प्रत्येक विमान फ्रेममधून जातं म्हणून फ्रेम फेकत बसलात तर काही उरणार नाही, स्टॅकिंगमध्ये सिग्मा क्लिपिंग त्या रेघा पुसतं. प्रत्येक रात्र तिच्या स्वतःच्या फ्लॅट्सने कॅलिब्रेट (दुरुस्त) करायची आणि मग सगळ्या रात्री एकत्र जुळवायच्या. सिरिलच्या तयार स्क्रिप्टला लाइट्स (तेजोमेघाच्या मुख्य फ्रेम), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस असे चार फोल्डर लागतात, नावं इंग्रजीत आणि लहान अक्षरांत, डार्क फ्लॅट्स बायसेसच्या फोल्डरमध्ये टाका, चालतं. अनेक रात्री असतील तर सिरिलिक हे जोडसॉफ्टवेअर हाच खटाटोप करून देतं.

रंगीत कॅमेऱ्यातून एच-अल्फा आणि ऑक्सिजन वेगळे काढणारी स्क्रिप्ट सिरिलमध्ये आहे, तीच चालवा. आता एक गोष्ट या तेजोमेघाची: याच्यात ऑक्सिजन अगदीच क्षीण आहे. इंटरनेटवर निळसर-सोनेरी कॅलिफोर्निया दिसतात ते बहुतेक जास्तीचं ताणून काढलेले किंवा सल्फरचा फिल्टर वेगळा लावून काढलेले असतात. तुमच्याकडे शहरातून ऑक्सिजनच्या चॅनेलमध्ये मुख्यतः नॉइजच येणार, त्यातून निळा रंग पिळून काढायच्या नादाला लागू नका. एच-अल्फाचा एकरंगी फोटो आधी नीट करा, काळा-पांढराच, त्यात धाग्यांची जी नक्षी दिसते ती रंगीतपेक्षा सरस असते असं मला वाटतं.

क्रम असा ठेवा. स्टॅकच्या ओबडधोबड कडा कापायच्या. मग ग्रॅक्सपर्टने ग्रेडियंट काढायचा, म्हणजे एका बाजूने चढत गेलेला शहराचा उजेड, पण इथे जपून, कारण तेजोमेघ फ्रेमभर पसरलाय आणि सॉफ्टवेअर त्यालाच उजेड समजून खाऊन टाकू शकतं, म्हणून नमुना बिंदू हाताने ठेवा आणि तेजोमेघावर पडलेले काढा. मग नॉइज थोडा कमी करायचा. मग स्टारनेटने तारे वेगळे. आता बिनताऱ्यांच्या फोटोचा स्ट्रेच, सिरिलमधला जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच, एका दमात न करता चार-पाच वेळा थोडाथोडा. पार्श्वभूमी ठार काळी करू नका, तेजोमेघाच्या बाहेरचा फिका एच-अल्फाचा पदर खरा असतो आणि काळं केलं की तोच पहिला जातो. शेवटी फिल्टरशिवायचे तारे वेगळे स्ट्रेच करून, थोडे दबलेले, परत बसवायचे.

रंगीत हवाच असेल तर एच-अल्फा लाल चॅनेलला, हिरव्या-निळ्याला ऑक्सिजन अधिक थोडा एच-अल्फा. असं केलं की लाल रंग रक्तासारखा गडद न होता किंचित गुलाबीकडे झुकतो, आणि ते खऱ्याच्याही जवळ आहे कारण हायड्रोजन निळ्या-हिरव्यातही, एच-बीटामध्ये, प्रकाश देतो जो सात नॅनोमीटरच्या फिल्टरने अडवलेला असतो.

तयार जेपीईजी सगळ्यांना पाठवून झाला की कॅमेऱ्याच्या मूळ फाइल्स (फिट्स) उडवू नका. त्या, त्यांचे मास्टर फ्लॅट्स, कॅमेऱ्याचा लिहून ठेवलेला कोन आणि फोकल लांबी, हे सगळं एका हार्ड डिस्कवर टाका. पुढच्या कार्तिकात त्याच कोनात आणखी दहा तास काढून याच स्टॅकमध्ये मिसळता येतात.